दिवसातून एकदाच

ओळखीतल्या एक बाई ससा देऊन गेल्या. निघायच्या बेतात होत्या, एका पायात चप्पल चढलेली, दुसरी पायानेच चाचपत होत्या, आणि त्या चाचपण्यात म्हणाल्या, "आणि हो, मध्ये थोडे दिवस एक नर होता हिच्याजवळ. तेव्हा असेलही पोटात काही. बघा तुम्ही." तेवढ्यात दुसरी चप्पल सापडली आणि त्या जिना उतरून गेल्यासुद्धा. त्याआधी तासभर बसून त्यांनी सशिणीबद्दल इत्थंभूत सांगितलं होतं. काय खाते, कशाला बिचकते, कुठल्या बाजूने उचललं की लाथ झाडते. आणि मुख्य गोष्ट सांगितली ती उंबऱ्यावर. उंबऱ्यावर सांगितलेल्या गोष्टीला उलट प्रश्न येत नाहीत, हे सांगणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. मला राग आला तो पिल्लांच्या बातमीचा नव्हता. पुढे कितीतरी दिवस भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना तो चप्पल शोधणारा पाय मात्र डोळ्यांपुढे येत राहिला. मागे धावत जाऊन, परत बोलावून विचारावं, तर काय विचारणार? पिंजरा माझ्या हातात होता आणि तिने आतून जाळीला नाक लावलं होतं.

भुरी हे आम्ही ठेवलेलं नाव. आधीचं कुठल्याशा कार्टूनमधलं होतं आणि ते काही आत्याच्या जिभेवर बसेना. लांबून बघाल तर रंग नुसता मातकट. पण पाठीवर हलकी फुंकर घातली की केस दुभंगतात आणि रंगांची वर्तुळं उमटतात: मुळाशी राखाडी, मध्ये तांबूस, टोकाला काळा. एकेका केसावर तीन तीन रंग. फुंकर थांबली की पुन्हा सगळं मातकट. पहिल्या रात्री ती कपाटामागे जाऊन बसली आणि थोड्या थोड्या वेळाने मागचा पाय जमिनीवर आपटत राहिली. एवढ्याशा देहातून इतका मोठा आवाज निघेल असं वाटत नाही. पलीकडच्या खोलीतून आत्याने विचारलं, "काय पडलं गं?" बिळातल्या बाकीच्यांना धोका कळवायची ती रीत आहे. इथे कळवायला कोणी नव्हतं. पोटातल्यांना सांगत असेल का, असं मला उगाच वाटून गेलं. पण सशाची पिल्लं जन्मतात तीच बहिरी, डोळे मिटलेली, अंगावर लव नसलेली.

ससा आवाज करत नाही म्हणून लोकांना तो सोपा प्राणी वाटतो. कुत्रं केकाटतं, मांजर मागे लागतं, पोपट घर डोक्यावर घेतो. सशाचं दुखणं ओळखायचं तर त्याच्या लेंड्या बघाव्या लागतात. गोल, कोरड्या, भरपूर असल्या की सगळं ठीक. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, आणि अर्धा दिवस खाण्याला तोंड लावलं नाही, तर ते तातडीचं प्रकरण, कारण त्याचं आतडं एकदा थांबलं की पुन्हा चालू करणं अवघड. त्याला उलटीसुद्धा करता येत नाही. त्यामुळे सकाळी उठून पहिल्यांदा झाडू हातात घेऊन लेंड्यांचा अंदाज घेणं हा आमच्या घरातला नित्यक्रम झाला. नवरा म्हणाला, "पेपर नंतर वाच, आधी हे वाच." आणि अशा न बोलणाऱ्या प्राण्याच्या पोटात काही आहे की नाही, हे मला बाहेरून ओळखायचं होतं.

डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं नाही. जमिनीवर चादर अंथरली, स्वतः मांडी घालून बसले आणि पोटाखाली हात सरकवून अंगठा आणि बोटांच्या मध्ये हलकेच चाचपत राहिले. नराशी संग झाल्यावर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला हे चाचपणं साधतं, तेव्हा छोट्या गोल गाठी हाताला लागतात. त्याआधी काही कळत नाही, आणि नंतर गाठी मऊ पडतात, शिवाय दाबणंही धोक्याचं. आमच्याकडे तारीखच नव्हती. बराच वेळ ते छताकडे बघत होते, बोटांना विचारल्यागत. मग म्हणाले, "लागतंय काहीतरी. पण आतड्यातल्या लेंड्याही अशाच लागतात." सोनोग्राफीसाठी आणखी लांब न्यावं लागलं असतं आणि गाडीत भुरीचा श्वास एवढा चालत होता की तो विषय मीच काढला नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सशिणीला खोटं गाभणपणही येतं. नराने नुसता प्रयत्न केला, गर्भ राहिला नाही, तरी शरीर सोळा-अठरा दिवस आपण गाभण असल्याचं धरून चालतं, छातीत दूध येतं, ती घरटं बांधते, आणि मग एके दिवशी सगळं विसरून जाते. खरं असलं तर एकतीस दिवस, एखाद-दोन इकडे तिकडे.

याचं कारण असं की सशिणीला माणसासारखी महिन्याची पाळी नसते. तिची बीजं तयार बसलेली असतात आणि संग झाल्यावर दहाएक तासांनी सुटतात. नर भेटला नाही तर सुटतच नाहीत. याच गोष्टीचा माणसाने एकदा मोठा उपयोग करून घेतला. 1931 साली अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅपहॅम या दोघांनी बाईला दिवस गेलेत की नाही हे ओळखायची एक चाचणी काढली. बाईची लघवी सशिणीच्या कानाच्या शिरेत टोचायची आणि दोनेक दिवसांनी तिचं पोट फाडून बीजकोश बघायचे. गर्भार बाईच्या लघवीत जे संप्रेरक असतं त्याने सशिणीच्या शरीराची समजूत होते की संग झाला, आणि बीजं सुटल्याच्या लाल खुणा बीजकोशावर उठतात. पुढे कित्येक वर्षं ही चाचणी चालली. "ससा मेला" म्हणजे बाई गरोदर, असा एक समजही पसरला. खरं तर ससा दोन्ही वेळेला मरत असे, उत्तर हो असो वा नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा भुरी माझ्या पायाशी पुठ्ठा कुरतडत बसली होती. कितीजणींना सगळ्यात आधीची चाहूल कुठल्याशा भुरीच्या पोटातून लागली असेल. आणि आता मी इथे हिच्या पोटाकडे बघत बसले होते, आणि मला काही कळत नव्हतं.

निघताना डॉक्टरांनी पिशवी आवरता आवरता विचारलं, "नको असतील तर आत्ताच गर्भाशय काढता येईल. पोटात असली तरी. मी आग्रह करत नाही, पण पर्याय आहे हे सांगणं माझं काम." हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणार हे मला माहीत होतं, तरी ऐकताना घशाशी आलं. शहाणपणाचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. हौसेने आणलेले आणि नंतर नकोसे झालेले ससे थोडे नसतात. मोठ्या मुलांच्या परीक्षा आल्या, घर बदललं, पिंजऱ्याला वास यायला लागला, की ते कोणाच्या तरी दारात येतात, भुरीसारखे. त्यांत आणखी पाच-सहांची भर कशाला? पण दिवस किती भरलेत याचा पत्ता नाही आणि उशिरा केलेली शस्त्रक्रिया जास्त जोखमीची, असं मी नवऱ्याला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मनातलं विचाराल तर मला पिल्लं बघायची होती. याला दया म्हणत नाहीत. आत्याने ऐकून एवढंच विचारलं, "आणि ती कोणाला देणार?" मी म्हणाले, बघू. हे "बघू" कुठे ऐकलंय ते मला आठवत होतं.

तयारी म्हणजे मुख्य ते खोकं. लांबीला दीड फूट, रुंदीला जेमतेम फूटभर. तिला आत वळता यावं पण ऐसपैस लोळता येऊ नये, नाहीतर पिल्लांवरच बसेल. पुढची कड बुटकी ठेवायची, म्हणजे ती उडी मारून जाऊ शकते आणि पिल्लं बाहेर येऊ शकत नाहीत. त्या कडेचा आणखी एक उपयोग असतो: दूध पिताना एखादं पिल्लू आचळ सोडत नाही आणि आई उठून निघाली की लोंबकळत बाहेर येतं. कड असली तर ते तिथेच घासून आत पडतं. तळाला ओल साचू नये म्हणून बारीक भोकं. आणि कापड अजिबात नको. हे आत्याला पटवणं सगळ्यात जड गेलं. तिने जुन्या सुती साडीचे मऊसूत तुकडे करून ठेवले होते, घड्या घालून. सुटलेला धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला तर पाय जातो, हे सांगितल्यावर तिने त्या घड्या मुकाट्याने परत कपाटात ठेवल्या आणि दुपारभर माझ्याशी बोलली नाही.

खोकं फार आधी ठेवलं तर सशीण त्याचा संडास करते. आमच्याकडे तारीख नसल्याने आधीच ठेवणं भाग होतं, आणि भुरीने अर्थातच तसंच केलं. रोज सकाळी मी प्रसूतिगृह साफ करत असे. खाण्यात वाळलं गवत लागेल तेवढं, जोडीला कॅल्शियमसाठी लसूणघास, आणि पाणी वाटीत, कारण नळीतून ती पुरेसं पिईना. शेवटच्या दिवसांत गाभण सशिणीने खाणं सोडणं फार वाईट. अंगातली चरबी वितळून रक्तात विष चढतं. त्यामुळे तिला लाडाने अरबट-चरबट देणंही नको आणि उपाशी ठेवणंही नको. उचलणं बंद. कोणी आलं तर भेटायचं नाही, लांबून बघायचं. म्हणजे यादी करायला बसलं तर निम्म्याहून जास्त गोष्टी "करू नये" या सदरातल्या. घरात कोणाची तरी वाट बघताना हातांना काम लागतं, आणि इथे हातांना सांगायचं होतं की तुम्ही मांडीवरच राहा.

मग एका संध्याकाळी तिला मिशा फुटल्या.

म्हणजे तोंडात आडवं गवत धरून ती खोलीभर हिंडायला लागली. दोन्ही बाजूंनी लांब काड्या बाहेर आलेल्या, मधोमध नाक, आणि चेहऱ्यावर जुन्या फोटोतल्या एखाद्या करारी आजोबांचा भाव. खोक्यात जायची, गवत ठेवायची, हनुवटीने दाबायची, बाहेर यायची, पुन्हा गवत गोळा करायची. मी दारात उभी राहून आनंदून जाणार इतक्यात डॉक्टरांचं खोटं गाभणपण आठवलं. त्यातही असंच होतं, अगदी असंच. त्यामुळे त्या मिशांवर विश्वास ठेवावा की नाही हे कळेना. दुसऱ्या दिवशी तिने केस उपटायला सुरुवात केली. मान खाली घालून छातीवरचा, गळ्याखालच्या घडीवरचा झुबका दातांत धरायची आणि मान वर झटकायची. त्याला आवाज असतो. फार बारीक, कापसातून धागा ओढावा तसा नाही, थोडा कोरडा, चर्र असा. बघवत नव्हतं, पण तिला दुखत नसावं. त्या दिवसांत तिथले केस आपोआप सैल होतात आणि उपटल्यावर आचळं उघडी पडतात, म्हणजे एका कामात दोन कामं. छातीवर फिकट गुलाबी कातडं दिसायला लागलं. खोक्यात तिन्ही रंग एकत्र होऊन पुन्हा मातकटच गादी तयार झाली.

व्याली ती आमच्यापैकी कोणी जागं नसताना. सशिणी बहुधा रात्री किंवा पहाटे वितात आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं उरकतात. सकाळी भुरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून गवत चघळत होती, तोंड स्वच्छ, काही घडलंच नाही असा आव. खोक्यातली केसांची गादी मात्र हलत होती. मध्ये फुगायची, बसायची, एका बाजूला सरकायची. मी हाताला तिच्याच गवताचा वास चोळून घेतला, भुरीपुढे लसूणघास टाकला आणि केस बाजूला केले. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते हा समज सरसकट खरा नाही, आणि पहिल्याच दिवशी मोजून घेणं गरजेचं असतं, कारण आत एखादं मेलेलं राहिलं तर बाकीच्यांना त्रास. सात होती. एक गार आणि ताठ, बाकीच्यांच्या निम्म्या आकाराचं. ते मी कागदात घेतलं. उरलेली सहा एकमेकांखाली घुसत होती. सगळ्यांना मधली ऊब हवी असते, त्यामुळे कडेचं मध्ये शिरतं, मधलं कडेला फेकलं जातं, आणि हे अखंड चालू राहतं. डोकं मोठं, कान चिकटलेले, कातडी एवढी पातळ की डाव्या बाजूला पोटात दूध दिसत होतं. पांढरा पट्टा, कातडीखालून स्वच्छ. पाजून झालं होतं तर. त्या पांढऱ्या पट्ट्याने मला जो धीर दिला तो कुठल्याच रिपोर्टने दिला नसता.

त्यानंतर दिवसभर भुरी खोक्याकडे फिरकली नाही.

आत्या अस्वस्थ. दर थोड्या वेळाने दारात येऊन बघायची. भुरी कपाटापाशी, पाय पसरून. "अगं, ही जवळसुद्धा जात नाही. कसली आई ही?" संध्याकाळी तर तिने भुरीला थेटच सुनावलं, "सहा लेकरं टाकून इथे लोळतेस होय गं?" मी तिला सांगत होते की हे असंच असतं, पण सांगताना माझाही आवाज फार ठाम नव्हता. मांजरी पिल्लांना बिलगून पडते, कुत्री चाटून चाटून ओली करते. आई म्हटलं की पोटाशी धरणारी, हे चित्र डोळ्यांत इतकं मुरलेलं की त्यात न बसणारी आई दिसली की आपण लगेच तिचा कैवार सोडून लेकरांचा घेतो. सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते. प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं. जंगलातली तर व्यायला मुख्य बिळापासून वेगळं छोटं बीळ खणते आणि पाजून बाहेर आली की मातीने तोंड बुजवून टाकते. तिच्या अंगाला वास आहे, पिल्लांच्या अंगाला जवळजवळ नाहीच. ती जितका वेळ तिथे राहील तितका कोल्ह्याला किंवा हुंगत फिरणाऱ्या मुंगसाला पत्ता लागणार. लांब राहणं हेच तिचं राखणं. आणि त्या चार मिनिटांत जे दूध येतं ते गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट स्निग्ध असतं. पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पिऊन घेतं आणि मग रात्रंदिवस पचवत पडतं.

ते बघायचं म्हणून मी एकदा दिवा मालवून, दाराच्या फटीशी टेकून बसले. पहाटेच्या आधी केव्हातरी खोक्यातली गादी खदखदायला लागली. भुरी अजून आली नव्हती. पिल्लांना वेळ आधीच कळते. अंगावरचे केस ढकलून ती वर आली, तोंडं वर करून चाचपत. मग भुरी आली, उडी मारून आत उभी राहिली. झोपली नाही, कुशीवर वळली नाही, कोणाला नाकाने ढकललं नाही. चार पायांवर नुसती उभी. पिल्लं खाली उताणी होऊन चिकटली. आंधळ्या-बहिऱ्या जीवांना आचळ काही सेकंदांत सापडतं ते दुधातल्या एका गंधामुळे. 2003 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी तो गंध म्हणजे नेमकं कोणतं रसायन हे वेगळं काढून दाखवलं. काचेच्या कांडीला लावलं तरी पिल्लं कांडीला तोंड लावतात. मी श्वास धरून बसले होते आणि चुटूचुटू आवाज ऐकत होते. एका आचळावरून दुसऱ्यावर उड्या, धक्काबुक्की, कोणाचा पाय कोणाच्या तोंडात. आणि मग मध्येच, पिल्लं अजून पीत असताना, भुरीने उडी मारली आणि ती बाहेर. जाताना आत दोन-चार लेंड्या टाकून गेली. त्याही चुकून नसतात. पुढे पिल्लं त्या चघळतात आणि त्यांच्या आतड्याला लागणारे जंतू त्यातून मिळतात. मागे वळून बघणं वगैरे काही नाही. मला जरा लागलंच ते. माहिती असून लागलं.

मी लहान असताना घरी कोणीतरी गवतातून एक पिल्लू उचलून आणलं होतं. रानसशाचं. त्याची गोष्ट वेगळी असते: ते उघड्यावरच जन्मतं, अंगभर केस, डोळे टक्क उघडे, आणि जन्मल्या जन्मल्या गवतात दबा धरून बसतं. त्याची आईही दिवसातून एकदाच येते, सूर्य मावळल्यावर. बाकी वेळ ते एकटं, न हलता. आणणाऱ्याला वाटलं, आईने टाकलेलं दिसतंय, कुत्री खातील. सगळ्यांनी त्याला दूध पाजलं, कापसात ठेवलं, आळीपाळीने मांडीवर घेतलं. त्याचे ते मोठे ओले डोळे मला अजून दिसतात, आणि ते अजिबात धडपडत नव्हतं हेही. आम्हाला वाटलं, किती माणसाळलंय. दोन दिवसांत ते गेलं. तेव्हा मोठ्या माणसांपैकी कोणाच्याही मनात आलं नसेल की सूर्य मावळल्यावर कोणीतरी त्या गवताशी येऊन उभं राहिलं असेल. हे मी आत्याला सांगितलं. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग सांगायला पाहिजे लोकांना." आणि तिने आल्यागेल्याला ते सांगायला सुरुवात केली, तिखटमीठ लावून, जणू तिला पहिल्यापासून माहीत होतं.

पण लांब राहायचं म्हणजे बघायचंच नाही असं नव्हे. एके सकाळी खोक्याबाहेर फरशीवर एक पिल्लू पडलेलं दिसलं. कड असूनही लोंबकळत आलं असणार. सशीण पिल्लाला तोंडात धरून परत नेत नाही, तिला ते येतच नाही. भुरी त्याच्या अंगावरून दोनदा गेली आणि एकदाही थांबली नाही. हाताला ते फरशीइतकं गार लागलं, हालचाल शून्य. गार पडलेलं पिल्लू मेलेलं आहे असं ऊब दिल्याशिवाय धरू नये. मी ते दोन्ही तळव्यांत बंद केलं आणि गळ्याशी धरून बसले. बराच वेळ काही नाही. मग तळव्याला एक आचका लागला, मग तोंड उघडून एक जांभईसारखं काहीतरी, आणि मग पाय. गरम झालेलं पिल्लू बाकीच्यांच्या मधोमध खुपसलं तर ते लगेच कोणाच्या तरी डोक्यावर चढून बसलं. कृतज्ञता वगैरे शून्य. त्या दिवशी हातांना त्यांचं काम मिळालं, आणि तेवढंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही पोटं गोल आणि घट्ट. उपाशी पिल्लाच्या पोटावर सुरकुत्या पडतात. एकदा बघितल्या की पुन्हा विचारावं लागत नाही.

पुढचं फार भराभर झालं. आठवड्यात वजन दुप्पट आणि अंगावर मखमल. दहाव्या दिवसाच्या पुढेमागे डोळे उघडले, आधी एक, मग दुसरा, त्यामुळे दोन दिवस सगळी डोळा मारत असल्यासारखी दिसत होती. तिसऱ्या आठवड्यात खोक्याची कड ओलांडून एकेक बाहेर आलं, आणि भुरी त्यांना टाळत कपाटावर चढायचे प्रयत्न करायला लागली. याच सुमाराला नवऱ्याने जेवताना फिबोनाचीचं गणित काढलं. 1202 साली त्या इटालियन माणसाने प्रश्न घातला होता की एका जोडीपासून दर महिन्याला एक जोडी, नवी जोडी दुसऱ्या महिन्यापासून व्यायला लागते, तर वर्षाअखेर किती? त्याच्या सशांना एक बरं होतं, कोणी मरत नव्हतं आणि प्रत्येक वेतात बरोबर एक नर, एक मादी. "खऱ्या सशिणीचं याहून वाईट आहे," नवरा म्हणाला, आणि ते खरं आहे. व्याल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. नर जवळपास नव्हता हे आमचं नशीब. 1859 मध्ये ऑस्ट्रेलियात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी चोवीस ससे मागवून सोडले, आणि पुढे त्यांनी देशभर केवढा उच्छाद मांडला ते सगळ्यांना माहीत आहे. सहांसाठी घरं शोधताना मला तो जमीनदार अधूनमधून आठवायचा.

घरं शोधणं हा प्रकार बाळंतपणापेक्षा अवघड. "किती गोड" म्हणणारे पुष्कळ. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो म्हटल्यावर निम्मे गळतात. त्याला पिंजऱ्यात कोंडून चालत नाही, वायरी कुरतडतो, उचललेलं आवडत नाही, म्हटल्यावर उरलेले. एका मुलीने विचारलं, वाढदिवसापर्यंत मिळेल का, नंतर परत घ्याल का? मी दरवेळी सगळं आत, बसल्या जागी सांगते. नर असला तर केव्हा खच्ची करायचा, मादी असली तर गर्भाशय का काढून टाकायचं, न काढल्यास वय वाढल्यावर तिथे कर्करोग होण्याची शक्यता किती मोठी. लोक कंटाळतात. आत्या म्हणते, तू मुलीचं स्थळ बघायला बसल्यागत बसतेस. आत्तापर्यंत चौघांची सोय लागली आहे, आठ आठवड्यांच्या आत कोणालाही हलवलं नाही. उरलेली दोन आत्याने ठेवून घेतली आहेत. म्हणजे तिने कोणाला विचारलं नाही, नावं ठेवून टाकली.

भुरीची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. छातीवर केस परत आलेत, पण नवीन आहेत म्हणून जरा फिक्या रंगाचे. आत्याने ठेवून घेतलेली ती दोन पिल्लं म्हणजे दोघी बहिणी, असं डॉक्टरांनी पहिल्यांदा बघून सांगितलं. परवा पुन्हा बघितलं तेव्हा एकीबद्दल ते तितके खात्रीने बोलत नव्हते. या वयात भलेभले फसतात, दोन आठवड्यांनी परत आणा म्हणाले. तोवर मध्ये जाळी लावली आहे. आत्याला ते मान्य नाही. बहिणीबहिणींना असं कोणी वेगळं ठेवतं का, म्हणून ती रोज सकाळी जाळीशी बसून दोन्हीकडे समान गवत वाटते आणि मला ऐकू जाईल अशा बेताने त्यांच्याशी माझ्याबद्दल बोलते. बोलू दे. जाळी निघणार नाही.